डोंगरी सायकल आणि खचलेला धीर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया प्रांतांत, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, मॅरिन नांवाचा डोंगराळ जिल्हा आहे. तेथील फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर १९७६ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत कांहीं तरुण मंडळींनीं सायकलींची शर्यत लावली. रस्ता म्हणण्यासारखा तेथें नव्हताच. वणवा विझविणाऱ्या गाड्यांना वर जातां यावें म्हणून डोंगर खरवडून काढलेली ती एक कच्ची वाट होती, आणि दोन मैलांच्या आसपास अंतरांत ती सुमारें १३०० फूट खालीं उतरत होती. सायकली जुन्या बाजारांतल्या; कांहींचा जन्म तर दुसऱ्या महायुद्धापूर्वींचा. टायर जाड, सांगाडा जड, आणि ब्रेक असा कीं पायडल उलटें दाबलें म्हणजे मागच्या चाकाच्या तुंब्यांत तो लागावयाचा. उतार संपेपर्यंत हा तुंबा इतका तापे कीं आंतलें ग्रीस धूर होऊन उडून जाई, आणि पुढच्या फेरीपूर्वीं तो उघडून नवें ग्रीस भरावें लागे. या पुन्हां भरण्यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हें नांव पडलें. पहिल्या दिवशीं अॅलन बाँड्स नांवाचा गडी पहिला आला. तो सर्वांत चपळ होता म्हणून नव्हे, तर न पडतां खालीं पोंचलेला तो एकटाच होता म्हणून, असें सांगतात.

ज्या छंदाचें बारसें असें झालें, त्याच्या जन्मपत्रिकेंत पडणें हें लिहिलेलेंच होतें. पुढें त्या जुनाट सायकलींची जागा मुद्दाम या कामासाठीं घडविलेल्या सायकलींनीं घेतली. जो ब्रीझ यानें १९७७ सालीं तसा सांगाडा तयार केला. गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं १९७९ सालीं असल्या सायकली विकण्याचा धंदा मांडला. १९८१ पासून त्या कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघूं लागल्या. आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीला मानाचें पान मिळालें. माउंटन बाईक हें तिचें इंग्रजी नांव. मराठींत तिला डोंगरी सायकल म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु आजचा विषय ऑलिंपिकच्या वीरांचा नव्हे. तो त्या हजारों साध्यासुध्या माणसांचा आहे, जीं आठवडाभर कचेरींत किंवा शाळेंत राबतात आणि रविवारीं सायकल घेऊन अरण्यांत जातात. मॅरिनमधल्या त्या पोरांचें वय पडून शिकण्याचें होतें. आजचा स्वार पुष्कळदां चाळीस-पन्नाशीचा असतो, त्याला सोमवारीं कामावर जावयाचें असतें, आणि त्याचें हाडही त्या वयांतल्यासारखें लवचिक राहिलेलें नसतें. वेल्सच्या उत्तर भागांत डॉल्गेथ्लाय गांवाजवळ कोइड अ ब्रेनिन, म्हणजे राजाचें रान, या नांवाचें सरकारी अरण्य आहे. १९९० नंतरच्या दशकांत तेथें केवळ डोंगरी सायकलींसाठीं म्हणून वाटा बांधण्यांत आल्या. ब्रिटनमधील या जातीचें तें पहिलें केंद्र. त्याच्या मागोमाग वेल्समध्यें आणि स्कॉटलंडच्या दक्षिणेस तशीं अनेक केंद्रें निघालीं. तेथील वाटांना रंगांवरून पायऱ्या लावलेल्या असतात. हिरवी वाट सर्वांत सोपी, मग निळी, मग तांबडी, आणि काळी ती केवळ तयारीच्या लोकांसाठीं.

चाळिशी उलटलेली एखादी शिक्षिका डोळ्यांसमोर आणावी. आठ-दहा वर्षें त्या या वाटांवर जात आहेत. निळी वाट हातची झाली म्हणून तांबडीवर गेल्या, आणि तांबडीही कशीबशी साधली. कोणी त्यांना शिकविलेलें असें कांहीं नाहीं. मैत्रिणींच्या मागोमाग गेल्या, इतकेंच. मग एका रविवारीं पाऊस पडून गेल्यावर वाटेंत आडव्या आलेल्या ओल्या मुळावरून पुढचें चाक सटकतें. बाई खांद्यावर पडतात आणि गळपट्टीचें हाड मोडतें. या खेळांत हें हाड मोडणें अगदीं नेहमींचें आहे. दोन-तीन महिन्यांत तें सांधतें, डॉक्टर परवानगी देतात, सायकल पुसून-तेलपाणी करून तयार होते, आणि पहिल्याच उतारावर बाई खालीं उतरून उभ्या राहतात. पूर्वीं ज्या उताराकडे त्यांनीं ढुंकूनही पाहिलें नसतें, तो आतां कड्यासारखा भासतो. दुसऱ्या रविवारीं तेंच. तिसऱ्या रविवारीं घरीं काम निघतें. मैत्रिणी वाट पाहतात, मग वाट पाहणें सोडतात. वर्ष उलटण्यापूर्वीं सायकल गाडीखान्यांत भिंतीला टेकलेली असते, आणि ‘आतां आपलें वय झालें’ हें वाक्य बाईंच्या तोंडीं बसूं लागतें. एका मुळावरून चाक घसरलें, एवढ्यावरून माणूस स्वतःच्या वयाचा निकाल लावून मोकळा होतो, आणि मग तो निकाल सायकलीपुरता राहत नाहीं.

अशा माणसाला सल्ला देणारे पुष्कळ. नवरा म्हणतो, सोडून दे. जीव धोक्यांत घालणारा हा छंद हवाच कशाला? मैत्रीण म्हणते, ‘ब्रेक सोड आणि जा, चाक आपोआप निघून जातें.’ दुकानदार म्हणतो, पुढच्या फोर्कांत याहून चांगली स्प्रिंग असलेली नवी सायकल घ्या. तिघेही आपापल्या परी हितच चिंतीत असतात. दुकानदाराचें हित थोडें दुहेरी असतें, एवढेंच. पण तिघांचीही समजूत एकच, कीं बाईंचें मन भ्यालें आहे आणि मनाला कांहींतरी समजूत घातली म्हणजे काम भागलें. तेथेंच सारी चूक आहे.

भय वाटलें म्हणजे शरीर काय करतें तें पाहावें. तें मागें सरतें. हात ताठ करून संकट दूर लोटूं पाहतें. डोळे संकटावर खिळतात. मुठी आवळल्या जातात, श्वास कोंडला जातो. पायांवर उभ्या असलेल्या माणसाला यांतलें बहुतेक सगळें उपयोगीं पडतें. समोर साप आला असतां याहून शहाणपणाचें वर्तन नाहीं. पण उतारावरच्या सायकलीवर यांतली प्रत्येक गोष्ट घातक ठरते. अंग मागें गेलें कीं पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, आणि वळावयाचें तर पुढच्याच चाकानें. भार नसलेलें चाक जमीन धरीत नाहीं. हात ताठ झाले कीं दगडाचा प्रत्येक धक्का थेट खांद्यापर्यंत येतो आणि हँडल उलट फिरतें. वांकलेले कोपर मात्र स्प्रिंगेचें काम करतात. निकोलाय बर्नस्टाईन या रशियन शास्त्रज्ञानें फार पूर्वीं दाखवून दिलें होतें कीं नवी हालचाल शिकणारा माणूस आपले सांधे आवळून धरतो. भ्यालेला जुना स्वार याच अर्थानें पुन्हां नवशिका होतो.

डोळ्यांची गोष्ट तर श्रोत्यांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं अनुभवलेली असेल. भाड्याची सायकल घेऊन मुलगा मोकळ्या मैदानावर शिकत असतो. साऱ्या मैदानांत मिळून दिव्याचा खांब एकच, आणि मुलगा नेमका त्याच्यावर जाऊन आदळतो. त्याला वाटतें, खांबच आडवा आला. वास्तविक ‘खांब, खांब’ म्हणत तो खांबाकडेच पाहत असतो, आणि जिकडे डोळे तिकडे खांदे, खांद्यांमागें हँडल, हँडलामागें सायकल. अरण्यांतल्या वाटेवर खांबाच्या जागीं दगड किंवा मूळ येतें, फरक तेवढाच.

राहिला ब्रेक. भ्यालेला स्वार तो सतत थोडाथोडा दाबून ठेवतो आणि ऐन अडचणीच्या जागीं घट्ट आवळतो. फिरायचें थांबलेलें चाक घसरूं लागतें, आणि घसरणाऱ्या चाकाला हँडल वळविलें तरी वळण देतां येत नाहीं. शिवाय फार हळू चाललेलें चाक खळग्यांत पडतें व दगडाला अडतें. थोडी गति असती तर तें त्यावरून सहज पार गेलें असतें.

म्हणजे हें एक रहाटगाडगें झालें. पडल्यामुळें भय, भयामुळें शरीराची चुकीची ठेवण, ठेवण चुकल्यामुळें पुन्हां पडण्याचा संभव, आणि तो संभव शरीराला मनापेक्षां आधीं कळतो. बाईंचें भय खोटें नाहीं, ही गोष्ट सल्लागारांच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या रीतीनें त्या आतां सायकलीवर बसतात, त्या रीतीनें ओल्या मुळावर गेल्या तर खरोखरच पडतील. इतकेंच नव्हे, तर अपघातापूर्वींचीं आठ-दहा वर्षें पाहिलीं तरी त्यांत कसबापेक्षां स्प्रिंगांचा, जाड टायरांचा आणि नशिबाचाच वांटा मोठा होता. जो आत्मविश्वास गेला असें म्हणतात, त्याच्या पायाखालीं मुळांत फारसें कांहीं नव्हतेंच.

भय घालवावयाचें तर सुरुवात मनापासून करावी कीं हातापासून, याचा एक प्रसिद्ध निवाडा सायकलींशीं कांहीं संबंध नसलेल्या ठिकाणीं लागला. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्यूरा (१९२५–२०२१) आणि त्यांचे सहकारी यांनीं सापांना अतोनात भिणाऱ्या माणसांवर एक प्रयोग केला व तो १९६९ सालीं प्रसिद्ध केला. कांहींना शांत पडून सापाची केवळ कल्पना करावयास लाविलें. कांहींना निर्भयपणें साप हाताळणाऱ्यांचे चित्रपट दाखविले. आणि कांहींच्या समोर शिक्षकानें स्वतः साप हातांत घेतला, मग आपल्या हातावर त्यांचा हात ठेवून घेतला, मग हातमोजा घालून स्पर्श करविला, मग उघड्या हातानें, आणि क्रमाक्रमानें आपली मदत काढून घेतली. या तिसऱ्या पद्धतीचा गुण सर्वांत अधिक आला. पुढें १९७७ सालीं बँड्यूरा यांनीं असा सिद्धांत मांडला कीं ‘हें मला जमेल’ ही भावना मुख्यत्वें चार झऱ्यांतून येते : स्वतः करून जमलेलें काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमतांना पाहणें, दुसऱ्यानें दिलेला धीर, आणि आपल्या छातीच्या धडधडीचा आपणच लावलेला अर्थ. यांत स्वतः करून जमलेल्या कामाचें बळ सर्वांत मोठें, आणि नुसत्या धीराच्या शब्दांचें फार बेतांचें. मैत्रिणीचें ‘ब्रेक सोड आणि जा’ वायां कां जातें, तें यावरून उघड होईल.

गेल्या कांहीं दशकांत ब्रिटन, कॅनडा, अमेरिका वगैरे देशांत डोंगरी सायकल शिकविणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला आहे. त्यांच्या परीक्षा आहेत, प्रमाणपत्रें आहेत; आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांत नवशिक्यांच्या जोडीनें या बाईंसारखीं, मोडून पुन्हां सांधलेलीं माणसेंही असतात. हे शिक्षक त्या तिसऱ्या पद्धतीनेंच जातात. चांगला शिक्षक कसा वागतो हें पाहण्यासारखें आहे, कारण पहिल्या दोन तासांत तो डोंगराकडे फिरकतसुद्धां नाहीं.

अरण्याच्या पायथ्याशीं गाड्या उभ्या करण्याचें सपाट पटांगण असतें. वर्ग भरतो तो तेथें. पांच-सहा जणांची तुकडी. शिक्षक प्रथम बाईंना त्यांच्या पडण्याची हकीकत विचारतो. सांत्वन करण्यासाठीं नव्हे. त्या क्षणीं पायडलें कोठें होतीं, नजर कोठें होती, कोणतें बोट ब्रेकवर होतें, हें त्याला हवें असतें. बहुतेकांना यांतलें कांहींच आठवत नाहीं, आणि तें न आठवणें हेंही शिक्षकाला पुष्कळ कांहीं सांगून जातें. मग तो सायकल तपासतो. ब्रेकची दांडी बाईंच्या बोटांपासून इतकी लांब असते कीं ती गांठण्यासाठीं सारी मूठच पुढें सरकवावी लागते. एक बारीक स्क्रू फिरवितांच ती जवळ येते. आठ-दहा वर्षांत हें कोणाच्या लक्षांत आलेलें नसतें! टायरांत रस्त्यावरच्या सायकलीसारखी हवा ठासून भरलेली असते. ती कमी करून तो वीस-पंचवीस पौंडांवर आणतो, म्हणजे रबर दगडाला धरून चालेल. बूट अडकवून ठेवणारीं पायडलें काढून तो साधीं, रुंद पायडलें बसवितो. पाय केव्हांही जमिनीवर टेकतां येतो, ही खात्री मोलाची असते. शेवटीं तो सीट खालीं करावयास सांगतो. उंच सीट चढावर हवी. उतारावर ती स्वाराला मागून ढकलते. ही अडचण फार जुनी आहे. जो ब्रीझ आणि त्याचा सोबती यांनीं १९८० नंतरच्या दशकांतच सीटच्या दांड्याला स्प्रिंग लावून ती सोडविण्याचा प्रयत्न केला होता. हल्लीं हँडलावरचा खटका दाबला कीं सीट खालीं जाते.

नंतर उभें राहणें. सायकल शिकलेल्या माणसाला उभें राहण्यास शिकवावें लागतें हें ऐकून हसूं येईल. पण तालमींत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशीं कुस्तीला सोडीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. दोन्ही पायडलें जमिनीशीं समांतर, टाचा किंचित खालीं, गुडघे व कोपर वांकलेले, कंबरेतून पुढें झुकलेलें अंग, आणि सारा भार पायांवर. हातांवर भार आहे कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. सायकल हळू चालत असतां हँडलावर बोटें पेटीच्या पट्ट्यांवरून फिरवावीं तशीं हलवून दाखवावयाचीं. बाईंचीं बोटें हलत नाहींत. तीं हँडलाला चिकटलेलीं असतात. चौथ्या-पांचव्या फेरीला तीं सुटतात. तीं सुटलीं कीं खांदे खालीं येतात आणि कोंडलेला श्वासही सुटतो. शिक्षकानें ‘घाबरूं नका’ हे शब्द एकदांही उच्चारलेले नसतात.

ब्रेकचा पाठ याहून मनोरंजक. पुढचा ब्रेक दाबूं नये, दाबल्यास तोंडावर आपटतो, ही शिकवण जशी आपल्याकडच्या घराघरांत दिली जाते तशी तिकडेही दिली जाते. शिक्षक जमिनीवर खडूनें रेघ ओढतो आणि तिच्यावर थांबावयास सांगतो. आधीं केवळ मागच्या ब्रेकनें. चाक फरफटत रेघेच्या बरेंच पुढें जातें. मग केवळ पुढच्या ब्रेकनें, एका बोटानें, हलकेच दाब वाढवीत, आणि त्याच वेळीं टाचा खालीं दाबून अंग सांवरीत. सायकल रेघेच्या अलीकडेच थांबते. थांबतांना भार पुढें सरकतो, म्हणून जमीन अधिक धरून ठेवण्याची शक्ति पुढच्याच चाकांत असते, हें त्यानें तोंडानें सांगितलें असतें तर बाईंनीं मान डोलावली असती, बोटानें मात्र विश्वास ठेवला नसता. सायकल आपल्याला हवी तेथें थांबवितां येते हें कळल्यावरच माणूस ब्रेक सोडावयास तयार होतो. मैत्रिणीचा सल्ला वाईट नव्हता. त्याचा क्रम उलटा होता.

नजरेच्या पाठांत शिक्षक वळणाच्या पलीकडे उभा राहून बोटें वर करतो आणि स्वारानें वळतां वळतां किती बोटें तें ओरडून सांगावयाचें. पुढच्या चाकाकडे पाहणाऱ्याला तीं दिसतच नाहींत. त्यानंतर चार इंच जाडीची एक फळी आडवी टाकतात. तिच्यावरून आधीं चाक नुसतें जाऊं द्यावयाचें, मग पुढचें चाक किंचित हलकें करून तिच्यावर ठेवावयाचें. फळी जमली कीं ओंडका. ओंडका जमला कीं गवताचा एक छोटा उतार.

दुपारीं तुकडी अरण्यांत शिरते आणि एका मुळाजवळ थांबते. बाई पडल्या त्याच मुळाशीं नव्हे; तसल्याच दुसऱ्या, थोड्या सोप्या. सायकली झाडाला टेकवून सर्वजण ती जागा पायीं चालून पाहतात. मूळ वाटेला काटकोनांत आहे कीं तिरपें? तिरप्यावर चाक घसरतें, काटकोनांतल्यावर सहसा नाहीं. मग त्याला काटकोनांत गांठतां येईल अशी वाट कोठून निघते? ब्रेक कोठें लावावयाचा आणि कोठें सोडावयाचा? मुळापूर्वीं ब्रेक, मुळावर नाहीं. या प्रश्नांची चर्चा चालली असतां एक गंमतीची गोष्ट घडते : बाई मुळाकडे पाहत असतात, पण भीतीनें नव्हे, गिऱ्हाइकानें भाजी निवडावी तशा नजरेनें. नंतर शिक्षक स्वतः उतरून दाखवितो, आणि तोही बाईंच्या गतीनें. आपली कसरत दाखविण्याचा मोह ज्याला आवरत नाहीं तो चांगला स्वार असेल, शिक्षक नव्हे. मग उताराचा शेवटचा तुकडा आधीं, त्यानंतर त्याच्या वरचा, आणि शेवटीं मुळासकट सारा उतार, अशा क्रमानें तुकडी जाते. खालचा भाग आधींच पायाखालचा झालेला असल्यामुळें वरून निघतांना ‘पुढें काय’ हा प्रश्न उरत नाहीं.

पहिल्या खेपेस बाई मुळाजवळ येऊन थांबतात. शिक्षक टाळ्या पिटीत नाहीं कीं हळहळतही नाहीं; ‘नजर कोठें होती?’ एवढेंच विचारतो. ती मुळावर होती. दुसऱ्या खेपेस नजर पलीकडच्या झाडावर, आणि चाक मुळावरून खट् असा आवाज करून पार. तिसऱ्या खेपेस पुन्हां थांबणें. चौथी, पांचवी, सहावी पार. प्रत्येक खेपेनंतर या वेळीं निराळें काय झालें हें बाईंनीं स्वतःच्या शब्दांत सांगावयाचें असतें. यांत शिक्षकाची चतुराई अशी कीं यश नशिबाच्या किंवा शिक्षकाच्या खातीं जमा न होतां बाईंच्या स्वतःच्या खातीं पडतें. सातव्या खेपेची बाईंना हौस असते, पण मांड्या थरथरूं लागलेल्या असतात. तेथें तो वर्ग बंद करतो. थकलेल्या पायांनीं केलेल्या एका जादा फेरींत सकाळपासूनची मिळकत गमावणारे लोक थोडे नाहींत.

या शिक्षणाचें माहात्म्य वाढवून सांगण्यांत अर्थ नाहीं. मिळालेला धीर त्या त्या कामापुरता असतो. मुळावरून उतरतां आलें म्हणून चार फुटांच्या कड्यावरून उडी मारतां येते असें नव्हे, आणि ती मारलीच पाहिजे असेंही कोणी सांगितलेलें नाहीं. डोक्याला मार लागलेला असल्यास डॉक्टरांनीं मोकळीक दिल्याखेरीज कोणत्याही शिक्षकाकडे जाऊं नये. अपघातांत सांपडलेलें शिरस्त्राण वरून धड दिसलें तरी टाकून द्यावें, कारण त्याच्या आंतला फेस एकच आघात सोसण्यासाठीं केलेला असतो. ज्याला रात्रीं झोपेंत पडण्याचे भास होतात, किंवा जो सायकल पाहतांच घामाघूम होतो, त्याचें काम फळ्या-ओंडक्यांवर भागणार नाहीं. त्यानें मनाच्या वैद्याकडे गेलें पाहिजे. आणि एका दिवसाच्या शिक्षणानें हातापायांची वर्षांची खोड मोडत नाहीं. पुढचे दोन महिने आठवड्यांतून दोनतीनदां, दहादहा मिनिटें, घराबाहेर फळी टाकून उभें राहणें, ब्रेक आणि नजर यांची उजळणी करावी लागते. शेजारीपाजारी हसतात, तें सोसावें लागतें.

मंडळींबरोबर पुन्हां वाटेवर जातांना रांगेंत आपली जागा कोठें असावी, हाही शिक्षकाच्या सूचनांतला एक भाग असतो. सर्वांच्या शेवटीं राहिलें तर पुढच्यांना गांठण्याची घाई होते; फार तयारीच्या स्वारामागें गेलें तर त्याची गति आपली समजून माणूस फसतो. आपल्याहून किंचित बऱ्या अशा एखाद्या मैत्रिणीच्या मागें, दहा-पंधरा हात अंतर ठेवून जावें, म्हणजे तिला जमतांना पाहून धीर येतो आणि तिच्या चाकाकडे न पाहतां वाटेकडे पाहतां येतें.

बाई प्रथम निळ्या वाटेवर जातात आणि महिन्याभरानें तांबडीवर. या केंद्रांतून पुष्कळ अवघड टप्प्यांच्या शेजारून एक सोपी वाट वळसा घालून नेलेली असते. आपल्या त्या जुन्या मुळाजवळ आल्यावर पहिल्या रविवारीं त्या वळशानें जातात. दुसऱ्या रविवारीं सायकल झाडाला टेकवून मूळ पायानें दाबून पाहतात, तें ओलें व गुळगुळीत असल्याचें आढळतें, आणि त्या पुन्हां वळशानें जातात. मैत्रिणींपैकीं कोणी ‘अजून भीति वाटते वाटतें?’ म्हणून विचारतें. बाई सांगतात कीं मूळ वाटेला तिरपें आहे, पावसांत तें चाक धरणार नाहीं, आणि काटकोनांत गांठावें तर डाव्या बाजूला जागा पुरत नाहीं. मैत्रीण खालीं उतरून पाहते. इतक्या वर्षांत तें तिनें पाहिलेलेंच नसतें. पाऊस नसलेल्या एका रविवारीं बाई सीट खालीं करून त्या मुळावरून उतरतात, आणि पुढच्या मंडळींना गांठावयाचें असल्यामुळें तेथें न थांबतां तशाच पुढें जातात.